पांढरा ओएलईडी 25 टक्क्यांवर अडकलाय? अजिबात नाही

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय, की पांढरा ओएलईडी (करंट सोडला की उजेड देणाऱ्या सेंद्रिय थरांचं पॅनल, दिव्यात आणि टीव्हीत असतं ते) 25 टक्क्यांच्या वर कार्यक्षम होऊच शकत नाही, त्यातला निळा उजेड देणारा रेणू लवकर मरतो त्याला इलाज नाही, आणि टँडेम (उजेड देणारी दोन युनिट एकावर एक रचणं) म्हणजे दुप्पट वीज पिणारी नुसती जाहिरातबाजी. इतक्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून केलेलं काम असं एका फटक्यात उडवून लावलेलं बघवत नाही म्हणून लिहितोय.

25 चा आकडा आला कुठून ते आधी बघा. करंट सोडला की इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा) भेटून एक्सायटॉन, म्हणजे ऊर्जा साठवलेल्या जोड्या बनतात, त्यात चारातले तीन ट्रिपलेट नावाच्या प्रकारचे, आणि साध्या फ्लुरोसंट रेणूत ट्रिपलेट उजेड न देताच वाया जातात, उरतो चारातला एक, म्हणजे 25 टक्के. हे खरं, पण जुनं. 1998 ला अमेरिकेत फॉरेस्ट आणि थॉम्पसन या संशोधकांच्या टीमने प्लॅटिनमचं संयुग वापरून ट्रिपलेटमधूनच उजेड काढला (अशा रेणूंना फॉस्फोरसंट म्हणतात), मग इरिडियमची संयुगं आली, 2012 ला जपानमध्ये क्युशू विद्यापीठात अडाची यांच्या गटाने जड धातूशिवाय ट्रिपलेट कामाला लावले. आतल्या आत जवळपास 100 टक्के एक्सायटॉनचा उजेड होतो आता.

खरी गळती पुढे आहे, मेसेजमध्ये तिचं नावसुद्धा नाही! तयार झालेला उजेड बाहेरच येत नाही, साध्या सपाट पॅनलमधून जेमतेम 20 टक्क्यांच्या आसपास सुटतो, बाकीचा काचेत आणि थरांमध्ये अडकतो नाहीतर धातूच्या इलेक्ट्रोडमध्ये जिरतो. 2009 मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या गटाने जास्त अपवर्तनांकाची काच वगैरे वापरून वॅटमागे 90 ल्युमेन (उजेडाचं माप) मिळवले, म्हणजे थेट ट्यूबलाइटच्या तोडीचं. त्यातला निळा मात्र टिकाऊ नव्हता.

निळ्याचं दुखणं खरंच आहे, ते मी नाकारत नाही. निळ्या ट्रिपलेटची ऊर्जा साधारण 2.8 इलेक्ट्रॉन व्होल्ट, तो दुसऱ्या ट्रिपलेटला किंवा चार्जला धडकला की ऊर्जा एकाच रेणूवर गोळा होते आणि कार्बन-नायट्रोजनसारखा बंध तुटायला त्या गोळा झालेल्या ऊर्जेहून बरीच कमी पुरते. म्हणूनच एलजीच्या पांढऱ्या ओएलईडी टीव्हीत निळा फ्लुरोसंट ठेवला, कार्यक्षमता थोडी सोडली आणि आयुष्य घेतलं. पण इलाज नाही हे साफ चूक, कारण धडका गर्दीमुळे होतात आणि गर्दी पांगवता येते. 2014 ला मिशिगनमध्ये फॉरेस्ट यांच्याच गटाने थरात डोपंटचं (थरात मिसळलेल्या, उजेड देणाऱ्या रेणूचं) प्रमाण हळूहळू बदलत नेलं, एक्सायटॉन पसरले, वर दोन युनिट एकावर एक रचले, आणि निळ्या फॉस्फोरसंटचं आयुष्य सुमारे दहापट झालं.

आता टँडेम. दोन युनिट एकावर एक असली की तोच करंट दोन्हींतून जातो, उजेड दुप्पट, व्होल्टेजही साधारण दुप्पट, मग तेवढ्याच उजेडाला वीज दुप्पट कुठून झाली? तेवढाच ब्राइटनेस हवा असेल तर करंट निम्मा पुरतो, आणि करंट निम्मा केला की आयुष्य दुपटीपेक्षा जास्त वाढतं. जपानी संशोधक किडो यांनी ही रचना 2003 च्या सुमारास मांडली होती, 2024 च्या आयपॅड प्रोमध्ये टँडेम पॅनल आहे ते याच कारणासाठी.