दात नसलेल्या गिटारचं वय

आमच्या वऱ्हाडात बैलाचं वय खालचा ओठ ओढला की कळतं: दोनदाती, चारदाती, की जुळलेला. गिटारची पंचाईत अशी की तिला दात नाहीत आणि विकणाऱ्याला तोंड आहे. "पन्नास वर्सं जुनी हाय भाऊ, आज्याच्या टायमाची. पुरी सागवानाची!"

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेजारी राहून माणूस दुसऱ्या लाकडाचं नाव घेईल कशाला? पलंग सागवानाचा, चौकट सागवानाची, मग गिटारनंच काय घोडं मारलं? खरं तर गिटारचा दर्शनी पाट बहुधा स्प्रूसचा असतो. ते थंड मुलखातलं हलकं झाड. सागवान त्यामानानं जड, पाटाला सहसा लावत नाहीत.

अशा वेळी मी वाद घालत नाही. मोबाइलचा टॉर्च लावून भोकातून आतलं लेबल वाचतो. नाव नंतर, आधी पत्ता. 'कलकत्ता' की 'कोलकाता'? हा बदल २००१ चा. सहा आकडी पिनकोड असेल, तर लेबल १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं नाही. जीएसटी नंबर दिसला तर जुलै २०१७ नंतरचं. म्हणजे आजोबा काळाच्या फारच पुढे होते. यामाहाच्या लेबलावर 'निप्पॉन गाक्की' असेल, तर ती १९८७ मध्ये कंपनीचं नाव बदललं त्याआधीची. 'वेस्ट जर्मनी' असेल तर जर्मनी एक होण्याआधीची, म्हणजे १९९० पूर्वीची. जुनी छापील लेबलं संपेपर्यंत चिकटवतात, म्हणून चार-दोन वर्षं इकडेतिकडे धरायची. आणि डोक्यावरचं नाव चष्मा लावून वाचायचं: गिबसन अमेरिकेची, गिवसन आपल्या कोलकात्याची. एका अक्षरापायी किमतीला शून्यं लागतात.

आता लाकूड. भोकाच्या कडेवर नख फिरवा. पाटावरच्या लाकडाच्या रेषा कडेवरून सरळ खाली उतरल्या तर पाट अखंड. तीन थर दिसले आणि मधला आडवा असला तर प्लायवूड. कड काळी रंगवलेली असेल तर (आणि नेमकी असतेच) ब्रिजची (पाटावर तारा जिथं अडकवतात त्या पट्टीची) तार धरून ठेवणारी एक पिन काढून तिच्या भोकात पाहा. पाठीसाठी बाहेरची एखादी गाठ हेरा, कडेपासून मोजा आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आत घालून तीच जागा शोधा. आत गाठ नाही म्हणजे बाहेर नुसता पापुद्रा.

तारा ज्यांच्यावर टेकतात त्या दोन पट्ट्या, डोक्याकडचा नट आणि ब्रिजमधलं सॅडल, हाडाच्या की प्लास्टिकच्या? तारा ढिल्या करून सॅडल उपसा, तळाला तापलेली सुई टेकवा. प्लास्टिक वितळतं, हाडाला केस जळाल्याचा वास येतो. हा प्रयोग पिकगार्डवर, म्हणजे भोकाशेजारच्या ओरखडे झेलणाऱ्या पत्र्यावर, मात्र करू नका; जुनं पिकगार्ड सेल्युलॉइडचं असू शकतं आणि ते भडकतं. वय कळण्याआधीच गिटारचा अंत्यविधी व्हायचा.

"तडे पाहा ना, किती जुनी हाय!" हा पुढचा पुरावा. अहो, टिनाखाली आमचा एक मे महिना काढला की नवी गिटारही तडकते. हवा इतकी कोरडी की फिंगरबोर्डचं (बोटं दाबतात त्या पट्टीचं) लाकूड आकसतं, तिच्यावरचे धातूचे आडवे फ्रेट काही आकसत नाहीत, मग त्यांची टोकं बाहेर येऊन तळहात सोलतात. काही शहाणे गिटारला गारवा मिळावा म्हणून ती कूलरसमोर उभी करतात. मग तिचं एकाच दिवसात फुगणं-आकसणं दोन्ही होतं.

किंमत बोलण्याआधी दोन गोष्टी. बाराव्या फ्रेटवर सगळ्यात जाड तार अडीच मिलिमीटरच्या आसपास उंच हवी. चारच्या वर असेल आणि सॅडल आधीच घासून बुटकं केलेलं असेल, तर नेकचा (गिटारच्या मानेचा) कोन गेलाय; ते काम गिटारच्या किमतीहून महाग. दुसरं, ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहा. आत शिरला तर उन्हानं डिंक सुटलाय. मात्र हा कागद विकणाऱ्याच्या डोळ्यांदेखत सरकवा. सागवान तिथल्या तिथं हजार रुपयांनी उतरतं.