सायकलीचं कुटार

माझी सायकल कोंडवाड्यात सापडली. चोरीला गेली असती तर एवढा राग आला नसता.

चेन तुटली म्हणून एसटी थांब्यामागच्या कडुनिंबाला ती टेकवली आणि चार दिवस पोरीकडे यवतमाळला गेलो, एवढाच माझा गुन्हा. तेवढ्यात गावात स्वच्छतेची तपासणी निघाली. पंचायतीनं सरकारी जागेवरचं 'बेवारस' सामान उचललं: माझी सायकल, एक फुटका रांजण, एक खाट. कुलूप लागेल अशी पंचायतीची जागा एकच, कोंडवाडा. गाडगेबाबा आमच्याच वऱ्हाडातले, शेंडगावचे. त्यांच्या खराट्याला कचरा लागायचा, आमच्या पंचायतीच्या खराट्याला सायकल लागली.

रखवालदार जप्तीतल्या खाटेवरच आडवा होता.

"या गुरुजी. तुमची होय का ते? पण खूण पटल्याबिगर कसं देऊ?"

त्यानं रजिस्टर उघडलं. गुरांचंच, दुसरं होतं कुठे? रंग: निळा. शिंगे: दोन, मागे वळलेली. शेपूट: नाही. इतर खुणा: एका पायावर उभे राहते.

"शिंगं?"

"हँडल जी. रकाना रिकामा ठेवला तं साहेब बोलते."

मग हिशेब. दंड आणि चार दिवसांचं चारापाणी मिळून साठ रुपये.

"सायकलीला चारा?"

"कुटार टाकलं ना रोज. खाल्लं त्या गोऱ्ह्यानं, पण टाकलं तुमच्या नावानं. पाणी बी दोन टाइम."

"तिच्यावर ओतलं?"

"मंग पाजू कुठून?"

चेनकव्हरवर गंज चढला होता, त्याचा उलगडा झाला.

माझ्यावर तो खरा नाराज होता तो वेगळ्याच कारणानं. "तीन दिवस अजून थांबता येत नव्हतं का जी? सात दिवस झाले की पोलिसाले वर्दी, मंग नोटीस, मंग दवंडी. गावात अन् बाजारात. लय वर्सं झाले, डफड्याले हात नाही लावला. परवाच उन्हात तापवून ठेवलं." त्यानं ते दाखवलंही. टिचकी मारून, कान लावून.

हे त्याच्या मनचं नव्हतं, हेच चीड आणतं. 1871 चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा मी घरी येऊन वाचला. दवंडी आहे. नोटिशीनंतर आणखी सात दिवसांनी लिलावही आहे. गुरं म्हणजे कोण, याची यादी आहे: हत्ती, उंट, गाढवं, डुकरं, कोकरं. हत्तीला दंड दोन रुपये. कोणाच्या तुरीत हत्ती शिरला होता, देव जाणे. सायकल मात्र यादीत नाही.

आणि माझ्या तुरीत रोज रात्री जे मोकाट गोऱ्हे शिरतात, ते यादीत आहेत की! दोनदा अर्ज दिला. उत्तर आलं, कोंडवाड्यात जागा नाही. कशी असेल? तिथं सायकल बांधलेली. बांधलेलीच होती, दाव्यानं, खुंट्याला. शाळेच्या भिंतीला टेकून एक बिनचाकांची ट्रॉली सहा वर्षांपासून पडून आहे. तिच्या पोटातून बेशरम उगवून फुलली. पोरं तिच्या पत्र्यावर गुडघे फोडून घेतात, टिंचर मी लावतो. तिला कोणी हात लावत नाही, कारण ती कोणाची हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. म्हणजे ती बेवारस नाही. माझी सायकलही सगळ्या गावाला ठाऊक आहे, वीस वर्षं तिच्यावरच शाळेत जातो. पण मास्तरची ओळख आणि ट्रॉलीवाल्याची ओळख यांत फरक असतो.

साठ रुपये दिले. पावती मिळाली: 'गोऱ्हा, निळा, नग 1.' खाली सहीसाठी एक ओळ छापलेली होती: 'जनावर सुस्थितीत मिळाले.'

मी सही केली. घंटी गायब आहे, हे सायकल ढकलत थांब्यापर्यंत आल्यावर कळलं.