रक्तातलं आणि घरातलं

भाचा परवा चित्र काढायला बसला आणि सगळे एकदम म्हणाले, "अगदी आजोबांवर गेलाय! रक्तातच आहे." पेन्सिल त्याने तर्जनी आणि मधल्या बोटाच्या बेचक्यात धरली होती, हुबेहूब बाबांसारखी. आणि बाबा गेले तेव्हा तो जन्मलाही नव्हता.

मलाही भरून आलं. मग ताईच्या हाताकडे लक्ष गेलं. तिची पेन्सिलही तशीच! लहानपणी ती रोज संध्याकाळी बाबांना खेटून बसायची. हा आता रोज तिला खेटून बसतो.

"रक्तातच आहे" हे आपण कौतुकाने म्हणतो, पण मला ते खुपतं. एक कान जमेना म्हणून कागद फाटेपर्यंत खोडणारी ताई मी पाहिली आहे. त्या वाक्यात तिची सगळी मेहनत पुसली जाते. आणि ज्याला जमत नाही, तो आपल्याच घरात परका होतो. "तुझ्यात नाही उतरलं ते" हे मी इतक्यांदा ऐकलं की आठवीनंतर चित्राची वही उघडलीच नाही. कुणी वाईट हेतूने म्हणालं नव्हतं. पण लागलं ते लागलंच.

जर्मनीच्या बाख घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मिळून पन्नासहून जास्त संगीतकार झाले. रक्ताचा याहून मोठा दाखला कुठला, असं वाटतं. पण त्यातला सगळ्यात नावाजलेला योहान सेबास्टियन दहाव्या वर्षी पोरका होऊन थोरल्या भावाकडे राहायला गेला, तो भाऊही ऑर्गनवादकच. म्हणजे घर बदललं तरी कानावर सूर तेच, आणि शिकवणारा घरातच. हंगेरीच्या लास्लो पोल्गार यांनी तर मुली व्हायच्या आधीच ठरवलं होतं की प्रतिभा घडवता येते. तिन्ही मुली बुद्धिबळात चमकल्या. धाकटी ज्युडिट १९९१ मध्ये, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली.

रक्तातून काही येतच नाही, असं मी म्हणत नाही. उंची बरीचशी येते, आवाजाची ठेवण येते. पण मूल एखाद्या गोष्टीपाशी रोज तासभर का बसतं, याचं उत्तर मला आधी घरात शोधावंसं वाटतं.

आणि खरोखर रक्तातून आलेलं एक माझ्याकडे आहे. अंधारातून एकदम उन्हात आलं की काही जणांना शिंका येतात. ते घराण्यात उतरतं, आई किंवा वडील एकाला असलं तरी पुरतं. बाबांना लागोपाठ तीन यायच्या. ताईला येत नाहीत. मला येतात, तीनच. परवा निघताना दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि शिंकले. आतून ताईचा आवाज आला, "बाबा?"