‘अभ्यास वाढवा’ म्हणणाऱ्या वाचकांना

मागच्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की केंद्र सरकार ॲप चांगली काढतं, पण नागरिकाचं काम नीट करतं का विचाराल तर मला तसं वाटत नाही, आणि उदाहरण दिलं होतं कारखान्यातल्या रिटायर कामगारांच्या पेन्शनचं. त्यावर ‘एक करदाता’ या नावानं एक प्रतिक्रिया आली आहे. अख्खी देत नाही, मुद्दे त्यांच्याच शब्दांत: “ताई, कोल्हापुरात मिसळ खात बसून दिल्लीवर लिहायला काय जातंय? केंद्र सरकारशी तुमचा संबंध येतो तरी किती? पासपोर्ट, यूपीआय, हायवे दिसत नाहीत. पेन्शन वाढवा म्हणता, पैसा कुठून आणायचा ते सांगत नाही. आणि निम्म्या तक्रारी राज्य सरकारच्या आहेत. अभ्यास वाढवा.”

सुरुवात ‘ताई’नं आणि शेवट ‘अभ्यास वाढवा’नं. असं एका दमात कसं जमतं हो लोकांना? माझ्या पोस्टला चूक म्हणा, बिनबुडाची म्हणा, वाचून सोडून द्या, पण ही जी वरून खाली बघून बोलायची सवय आहे ना ती मला झेपत नाही. हेच एखाद्या पुरुषानं लिहिलं असतं तर ‘दादा, अभ्यास वाढवा’ म्हणाला असता का, की ‘सर, आपल्या मताचा आदर आहे पण’ असं सुरू केलं असतं? असो. मिसळ आम्ही खातो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पासपोर्टचं म्हणाल तर मान्य. पूर्वी त्यासाठी पुणं गाठावं लागायचं, आता इथं पोस्टाच्या केंद्रात काम होतं आणि भराभर होतं. यूपीआयबद्दल तर मी मागच्या पोस्टमध्येच चांगलं लिहिलं होतं, तुम्ही ते वाचलंच नाही की वाचून सोडलंत ते तुम्हाला माहीत.

आता ‘केंद्र सरकारशी तुमचा संबंध येतो तरी किती’. हे वाक्य मी दोनतीनदा वाचलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या माणसाला हे विचारताय? इथं ऊस लावला की दिल्लीशी संबंध सुरू होतो राव. उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं शेतकऱ्याला उसाला द्यायचा किमान दर, दिल्लीत ठरते, साखर कारखान्यानं किमान किती रुपयाला विकायची ते दिल्लीत ठरतं, बाहेर पाठवायची की नाही ते दिल्लीत, इथेनॉलचा दर दिल्लीत. २०१८-१९ ला एफआरपी क्विंटलला २७५ होती, २०२५-२६ ला ३५५ झाली, शेतकऱ्याला मिळायलाच पाहिजे, त्यात वाद नाही. पण साखरेचा किमान दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ केला तो २०२५ चा गळीत हंगाम सुरू झाला तरी ३१च. एक आकडा जवळजवळ दरवर्षी हलवायचा आणि दुसरा तसाच ठेवायचा, मग मधल्या कारखान्याची ओढाताण झाली की त्याचा पहिला फटका कुणाला बसतो? कामगाराला, पगार थकतो. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, माझ्या घरात जेवायच्या ताटावर झालेलं आहे.

माझे वडील, आम्ही आण्णा म्हणतो, साखर कारखान्यात पॅनमन होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पॅनमध्ये पाक शिजवून दाणा धरायचं काम. नमुना काढायचा, काचेवर घेऊन उजेडात दाणा बघायचा, आणि उकळता पाक चिमटीत धरून तार बघायची. सगळी नोकरी अंगठा आणि पहिल्या बोटावर. रिटायर झाल्यावर पेन्शन चालू राहावी म्हणून जिवंत असल्याचा दाखला द्यायला त्यांना घेऊन गेले, तर मशीनवर अंगठा उमटेना. केंद्रावरचा पोरगा चांगला होता, “आजोबा, दुसरं बोट ठेवा” म्हणत म्हणत दहाही बोटं झाली. आण्णा प्रत्येक वेळी बोट धोतराला पुसून परत ठेवायचे, मशीनवर लाल दिवा. शेवटी म्हणाले, “मी हितं बसलोय, जित्ता हाय, एवढं सांग की तुझ्या मशीनला.” सगळे हसले, आण्णा पण हसले, मी नाही हसले.

आता चेहरा दाखवून दाखला देता येतो, २०२१ मध्ये ती सोय आली, मोबाईलवर घरबसल्या होतं. २०२५ च्या जानेवारीपासून ही पेन्शन (ईपीएस-९५, म्हणजे पीएफ खात्याची १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना) कुठल्याही बँकेच्या कुठल्याही शाखेतून घेता येते. दोन्ही सोयी चांगल्या आहेत, मी वापरल्या आहेत. पण हीच तर माझी तक्रार आहे ना! दाखला द्यायची पद्धत सुधारत गेली, आणि ज्या रकमेसाठी दाखला द्यायचा ती रक्कम तिथंच. ईपीएस-९५ ची किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ ला महिना १००० रुपये ठरली. २०२५ ला पण १०००. महागाई भत्ता हा प्रकारच या योजनेत नाही, म्हणजे एकदा जो आकडा बसला तो माणूस जाईपर्यंत तोच. हिशोब साधा आहे, पेन्शनला धरलेला पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले ७०, आणि पगार धरायचा तो पण मर्यादेपुरता, २००१ पासून ती मर्यादा ६५०० होती, २०१४ ला १५००० झाली. मधल्या काळात जे रिटायर झाले त्यांचा खरा पगार कितीही जास्त असू दे, कागदावर बहुतेकांचा ६५००. आण्णांना आजही दोन हजाराच्या आत मिळतात, त्यात त्यांच्या बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या पण धड बसत नाहीत.

तर संबंध हा असा येतो. महिन्याच्या महिन्याला येतो.

‘पैसा कुठून आणायचा’ याचं उत्तर मी द्यायचं का? मी अर्थमंत्री नाही. राज्यसभेच्या याचिका समितीनं २०१३ मध्येच किमान ३००० करा म्हणून सांगितलं होतं, त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, तेच जे पुढं आपले राज्यपाल झाले (त्यांच्याबद्दल कोल्हापुरात काय बोललं जातं ते इथं नको). खासदारांच्या समितीनं पैशाचा काहीतरी विचार करूनच सांगितलं असेल की. त्यावर परत कधीतरी लिहीन. आणि ‘एक करदाता’ हे नाव घेऊन तुम्ही जे सुचवताय की पैसा तुमचा आणि मागणारे आम्ही, ते जरा जपून. काडेपेटीवर जीएसटी आण्णा पण भरतात. आणि वर्षानुवर्षं कारखान्यानं पेन्शनसाठी त्यांच्या नावावर भरलेले पगाराचे ८.३३ टक्के हे तुमच्या खिशातून आलेले नाहीत.

राज्य सरकारचा मुद्दा सोडून देते, ज्या गोष्टी मी लिहिल्या त्यातली एकही राज्याची नाही, परत वाचा.

हायवेचं मात्र तुम्ही काढलंत म्हणून सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथं कोल्हापूरच्या शिरोलीजवळ तोच हायवे पुराच्या पाण्याखाली होता, दोन्ही बाजूला ट्रकच्या रांगा, गावात दूध नाही, पेट्रोल नाही. २०२१ ला परत तेच. तेव्हा एनडीआरएफची, नेव्हीची माणसं बोटी घेऊन आली, ती केंद्राचीच, आणि आमच्या बायकांनी त्या जवानांना राख्या बांधल्या, हे पण विसरलेली नाही. त्या पोरांनी जीव तोडून काम केलं. पण रस्ता इतका खाली का, भराव असा का टाकला की पाणी अडतं, हे विचारलं की मग ‘देशद्रोही’ नाहीतर ‘अभ्यास वाढवा’. तुम्ही त्या आठवड्यात कुठं होता हो करदाते? की तुमचा पत्ता पण नावासारखाच?

नाव लिहून भांडा, मी रोज भांडायला तयार आहे.

बाकी, मागच्याच पोस्टखाली एका वाचकानं विचारलंय की आईचा जिवंत असल्याचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायचा का. ईपीएसवाल्यांना तसं बंधन नाही, वर्षात कधीही देता येतो आणि दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. बोटाचे ठसे उमटत नसतील तर बोटं घासत बसू नका, चेहऱ्याचं ॲप घ्या आणि फोटो काढताना त्यांना उजेडाकडे तोंड करून बसवा, आधार नंबर आणि पीपीओ नंबर (पेन्शन मंजुरीच्या कागदावरचा) हाताशी ठेवा.