पीएफ काढला तर दहा टक्के कुठं जातात?

नाशिकच्या त्रिमूर्ती चौकातल्या टपरीवर विषय निघाला तो पिकअपवरून. बाळूला सेकंडहँड पिकअप घ्यायचीय, दिंडोरीचा भाजीपाला मार्केट यार्डात आणायला. पैसे पीएफचे. अंबडच्या कंपनीचा राजीनामा देऊन वर्ष उलटलं, खात्यात १ लाख ४२ हजार पडून आहेत.

"दहा टक्के कापतील. नोकरीची पाच वर्षं कुठं भरली तुझी?" सचिननं खोडा घातला.

"माझ्याच पगारातले पैसे, आणि टॅक्स मलाच?"

"चार वर्षं चार महिने झाले ना? मग आठ महिने कळ काढ, माफ होईल," नितीन म्हणाला. नितीन आयटीतला, त्यामुळं त्याचा शब्द कट्ट्यावर जरा जास्त चालतो. पण हे साफ चूक. पाच वर्षं मोजतात ती नोकरीची. खातं किती जुनं, याला कोणी विचारत नाही. बाळू दुसरीकडं लागला असता आणि जुना पीएफ तिकडं ट्रान्सफर केला असता, तर मागची सेवा जोडून मिळाली असती. नुसतं थांबून काही माफ होत नाही, उलट राजीनाम्यानंतरचं व्याज करपात्र धरतात.

"मग कंपनी बंद पडली म्हणून सांग!" सचिनचा तोडगा. कायद्यात ती सवलत खरंच आहे. कंपनी बंद पडली किंवा आजारपणानं नोकरी सुटली, तर पाच वर्षांची अट लागत नाही. पण बाळूची कंपनी तीन शिफ्टमध्ये धडधडतेय, आणि नोकरी सोडल्याचं कारण पीएफच्या पोर्टलवर सहसा कंपनीनंच भरलेलं असतं.

इतका वेळ गप्प असलेले आप्पा बोलले. आयुष्य कर सल्लागाराच्या ऑफिसात हिशोब लिहिण्यात गेलंय त्यांचं. "अरे, दहा टक्के हा टीडीएस झाला, म्हणजे पैसे देतानाच आगाऊ कापून घेतलेला कर. टॅक्स वेगळा."

रक्कम ५० हजार किंवा जास्त असली की टीडीएस कापतात. टॅक्सचा हिशोब मागच्या एकेका वर्षाचा मांडायचा. कंपनीचा हिस्सा आणि त्यावरचं व्याज पगारात धरायचं, आपल्या हिश्श्यावरचं व्याज इतर उत्पन्नात. आपलं मुद्दल सुटतं, मात्र त्यावर ८०सी, म्हणजे बचतीवरची करसवलत, घेतली असेल तर ती सूट परत जाते.

"बाळ्या, पगार किती होता?"

"अठरा हजार."

"मग त्या वर्षांत तुला टॅक्स बसतच नव्हता. हे धरूनही बसणार नाही. रिटर्न भर, कापलेले १४,२०० परत येतील. नाहीतर आधीच लिहून दे की टॅक्स लागत नाही, तो आमच्या वेळचा पंधरा जी फॉर्म."

मग आप्पा नितीनकडं वळले. यानं तीन वर्षांत कंपनी बदलली तेव्हा पीएफ काढून बुलेट घेतली होती. "तू रिटर्नमध्ये दाखवलंस?"

"कापले की त्यांनी दहा टक्के."

"तुझा स्लॅब तीसचा. उरलेले कोण भरणार? ती रक्कम तुझ्या पॅनवर एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुझ्या उत्पन्नाच्या नोंदीत, दिसतेय."

नितीननं मोबाईल काढला आणि जरा बाजूला जाऊन उभा राहिला.

मला विचाराल तर बाळूला टॅक्सचा बागुलबुवा दाखवण्यात अर्थ नव्हता. त्याचं नुकसान दुसरीकडं आहे. २०२४-२५ ला पीएफवर ८.२५ टक्के व्याज मिळालं, ते सोडावं लागेल. आणि पीएफसोबतच्या पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. पेन्शनचे पैसेही काढले तर ही चार वर्षं पुसली जातात. ते न काढता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे झालेल्या सेवेचा दाखला, घेतलं, तर पुढं कुठं लागल्यावर तिथून मोजणी सुरू होते. हे मी बोललो, पण बाळूच्या डोक्यात गाडी.

"पॅन जोडलंय ना खात्याला?" आप्पांनी विचारलं.

"आधारवर बाळकृष्ण आहे, पॅनवर बाळू. जुळेना म्हणून राहिलं."

"मग दहा नाही, वीस टक्के कापतील. आधी नाव दुरुस्त कर, गाडीवाल्याला टोकन नंतर दे."

"टोकन रविवारीच दिलं, आप्पा."