‘जीआयएसवाल्यांसाठी ग्रँट नुसती पडून आहे’ म्हणे!

तो मेसेज तुमच्यापर्यंतही आला असेल, कॉम्प्युटरवर नकाशांचं काम (जीआयएस) आणि उपग्रहाच्या फोटोंचं काम (रिमोट सेन्सिंग) करणाऱ्यांना अनुदान, म्हणजे ग्रँट, मिळवून देतो म्हणणारा. ‘जीआयएस, ड्रोन, रिमोट सेन्सिंगच्या प्रोजेक्टसाठी ग्रँट पडून आहे, घ्यायला कोणी नाही, एकच प्रपोजल 50 ठिकाणी टाका, ड्रोन आधी घ्या पैसे नंतर वळते होतात, सॅटेलाइट इमेजचं बजेट दणकून लावा, मायक्रोसॉफ्टपण देतं, आमची फक्त प्रोसेसिंग फी आणि मंजूर रकमेचे 10 टक्के.’ मी बघून सोडून दिला होता. पण मावसबहिणीची छोटी संस्था विहिरी आणि झरे मॅप करते, तिनं तो पाठवला आणि खाली विचारलं, ‘दादा, फी भरू का?’ आता मात्र डोकं फिरलं.

भरू नकोस. आधी ते 10 टक्क्यांचं बघू, बाकीचा नुसता येडेपणा आहे पण यात तुझं नुकसान आहे. ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशन ही प्रपोजल लिहिणाऱ्यांचीच संघटना, तिच्या आचारसंहितेत स्पष्ट आहे की मिळालेल्या ग्रँटच्या टक्केवारीवर मेहनताना घ्यायचा नाही. म्हणजे धंद्यातलेच लोक ज्याला नाही म्हणतात ते हा बाबा ऑफर म्हणून विकतोय! देणाऱ्यानं पैसे सर्व्हेला, ट्रेनिंगला दिलेत, मग बजेटच्या तक्त्यात ‘मिळवून देणाऱ्याचा वाटा’ ही ओळ टाकणार कुठे? टाकली तर प्रपोजल बाद, लपवली तर ऑडिटमध्ये तू अडकणार, तो नाही. कोणाकडून लिहून घ्यायचं असेल तर ठरलेली फी दे, ग्रँट मिळो न मिळो. राहिली प्रोसेसिंग फी. अमेरिकन सरकारच्या ग्रँट्स डॉट गव्ह या साइटवर अर्ज करायला पैसे लागत नाहीत, आणि सरकारी ग्रँट मिळवून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्यापासून लांब राहा असं तिथलं ग्राहकांना फसवणुकीपासून वाचवणारं सरकारी खातं, फेडरल ट्रेड कमिशन, कधीपासून सांगतंय.

‘ड्रोन आधी घ्या.’ आधी खर्च करा मग परतफेड, अशा ग्रँट असतात, खोटं नाही. पण परतफेड होते ती करारानंतरच्या आणि मंजूर बजेटमधल्या खर्चाची. करारापूर्वीच्या तारखेचं बिल बहुतेक देणारे बाजूलाच काढतात, आधी लेखी परवानगी घेतली असेल तर गोष्ट वेगळी.

इमेजच्या बजेटचं तर हसूच येतं. लँडसॅट या अमेरिकन उपग्रहांच्या इमेजचा सगळा साठा 2008 पासून फुकट आहे, सेंटिनेल-2 या युरोपियन उपग्रहांचा 10 मीटरचा डेटा (इमेजमधला एक ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवर 10 मीटरचा) फुकट आहे, क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आणि प्रपोजल तपासणाऱ्याला हे माहीत असतं. बरं, 10 मीटरच्या पिक्सेलमध्ये तुझी विहीर दिसणारच नाही, तिथे माणूस फोन घेऊन चालत जाणार, जीपीएसवर पॉइंट घेणार, पाणी किती खोल आहे ते मोजणार. मग पैसे त्या माणसाच्या मानधनाला, प्रवासाला, ट्रेनिंगला माग ना! महाग इमेज हवीच असेल तर फुकटच्या इमेजनं काय अडतं ते एका वाक्यात लिही.

मायक्रोसॉफ्टचं नाव कशाला घुसवलंय कोण जाणे. त्यांचा 2017 चा एआय फॉर अर्थ कार्यक्रम खरा, पण त्यात मुख्यतः क्लाउड क्रेडिट, म्हणजे त्यांचे कॉम्प्युटर इंटरनेटवरून वापरायची सवलत मिळायची, रोख नाही, त्यातून सर्व्हेवाल्याचा पगार कसा देणार?

पैसा आहे हे मात्र मान्य करावं लागेल. फक्त तो ‘जीआयएस’ नावाच्या खात्यात क्वचितच असतो, पाणी, हवामान बदल, आरोग्य, शेती, आपत्ती अशा नावांखाली असतो आणि नकाशा त्यात साधन म्हणून येतो. थेट मॅपिंगला मिळतं तेही आहे, मदतकार्यासाठी खुले नकाशे बनवणाऱ्या ह्युमॅनिटेरियन ओपनस्ट्रीटमॅप टीमनं स्थानिक गटांना मायक्रोग्रँट दिल्यात, पण रकमा छोट्या. तू ‘जिओस्पेशियल ग्रँट’ ऐवजी ‘भूजल’, ‘पिण्याचं पाणी’ टाकून शोध.

50 ठिकाणांचं काय बोलायचं. आधी कोणाला पैसे दिले त्याची यादी बरेच देणारे साइटवर टाकतात, ती वाचलीस की निम्म्याहून जास्त नावं आपोआप गळतील. उरलेल्यांना प्रत्येकाला वेगळं लिही, आणि त्या नंबरला ब्लॉक कर.