‘स्लीपरने कधी गेलात का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘माजी कॅप्टन’ या टोपणनावाने एका वाचकाने माझ्या रोबो-वाहतुकीच्या लेखाखाली प्रतिक्रिया दिली आहे. ‘धन्यवाद’ म्हणून मोकळं होता आलं असतं, पण त्यातलं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जाईना.

मी लिहिलं होतं की नागपूरहून दिल्लीला नेताना स्पर्धेचा रोबो पूर्ण खोलू नये. चासी (रोबोचा खालचा सांगाडा) आणि चाकं जोडलेलीच ठेवून प्लायच्या पेटीत घालावीत, रस्त्याने छोट्या मालवाहू गाडीने पाठवावीत आणि सोबत टीममधला एक मुलगा द्यावा. त्यावर हे लिहितात : ‘सर, तुम्ही आयुष्यात कधी स्लीपरने गेलेले दिसत नाही. आम्ही पाच भाग करून सीटखाली रोबो नेला, काही झालं नाही. गाडीभाडं कोण देणार? बॅटऱ्यांचा तर उगाच बाऊ केलाय. आणि 18 मिलिमीटरचा प्लाय कशाला?’

आधी प्लायचं. कोपऱ्यांना लोखंडी पट्टी मारली तर 12 चा पुरतो, 18 ने नुसती पेटीच जड होते. हा मुद्दा तुमचा, मानला.

आता स्लीपर. माझे वडील नागपूरला अजनीच्या लोको शेडमध्ये होते. माझं लहानपण रेल्वे क्वार्टरमध्ये गेलं. पासवर आजोळी जाताना ट्रंक साखळीने सीटला बांधायची आणि किल्ली आईच्या पदराला, हे आमच्या घरचं नेहमीचं. आमच्या खानदानात एसी डब्यात पहिल्यांदा कोणी पाय ठेवला असेल तर मी, आणि तोही नोकरी लागल्यावर. तेव्हा ‘गेलेले दिसत नाही’ हे तुम्हाला नेमकं कुठे दिसलं? लेखाच्या कोणत्या ओळीत? स्वतःचं नाव न टाकता लिहिणाऱ्याने दुसऱ्याचं तिकीट तपासू नये, एवढंच म्हणतो. आणि ‘सर’ म्हणत चिमटा काढायची ही रीत आम्हाला कळत नाही असं नाही. काहून बाप्पा एवढा राग? मी रेल्वेला नावं ठेवली नव्हती.

उलट रेल्वे ओळखतो म्हणूनच तसं लिहिलं. स्लीपरमध्ये माणशी 40 किलो सामान फुकट नेता येतं, त्यामुळे वजनाची अडचण नाहीच. अडचण मापाची. डब्यात चालते ती 100 बाय 60 बाय 25 सेंटिमीटरची ट्रंक. रोबोची चासी त्यात बसत नाही, म्हणजे खोला नाहीतर ब्रेकव्हॅनला, म्हणजे गाडीच्या सामानाच्या डब्यात, बुक करा. ब्रेकव्हॅन म्हटली की पार्सल ऑफिस, काटा, पावती, आणि दिल्लीकडची गाडी नागपूरला काही मिनिटं थांबते तेवढ्यात हमालांनी पेटी आत ढकलायची. जागा नसली तर पेटी फलाटावरच राहते आणि मागच्या कुठल्या तरी गाडीने येते. पोरं दिल्लीत, रोबो नागपुरात. हे कळायला स्लीपरचं तिकीट लागत नाही, फलाटावर उभं राहावं लागतं, आणि त्या फलाटावर मी कळत्या वयापासून उभा आहे.

‘काही झालं नाही’ म्हणता ते तुमचं नशीब. रोबोकॉन ही कॉलेजांची रोबो-स्पर्धा पुण्यात बालेवाडीला व्हायची तेव्हाची गोष्ट. आमच्या पोरांनी ओम्नी चाकांच्या (आडवीही सरकणाऱ्या चाकांच्या) चारही मोटरी खोलून, गोणपाटात गुंडाळून महाराष्ट्र एक्स्प्रेसने नेल्या आणि रात्री पिटमध्ये, म्हणजे स्पर्धेच्या ठिकाणी टीमला दिलेल्या कामाच्या जागेत, बसून पुन्हा जोडल्या. सकाळी सरावाला रोबो सरळ सोडला तर तिरका पळायला लागला. एका मोटरचा ब्रॅकेट केसभर फिरला होता. दुसऱ्या मोटरच्या शाफ्टवरचा ग्रब स्क्रू, म्हणजे चाकाला शाफ्टवर धरून ठेवणारा बारीक स्क्रू, नीट आवळलाच गेला नव्हता, मोटर फिरतेय आणि चाक जागच्या जागी. कोड रात्रभर तपासा, त्यात काही सापडणार नाही. त्यात नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला, सहज न सुटणारा) सारखा खोलला-लावला की आतलं नायलॉन झिजतं आणि शेवटी तो साधा नटच उरतो.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक नटावर लाल नेलपॉलिशची रेघ ओढतो, अर्धी नटावर, अर्धी खालच्या पट्टीवर. (ही युक्ती टीममधल्या मुलींची, श्रेय त्यांचं.) पोचल्यावर पेटी उघडायची, टॉर्च मारून रेघा बघायच्या. जिथे रेघ तुटलेली, तो नट हलला. पाना तिथेच लावायचा, बाकीच्याला हातही लावायचा नाही. सगळा रोबोच खोलून नेलात तर रेघ कशाची बघणार?

बॅटऱ्यांचा ‘बाऊ’ माझा नाही, हिशेबाचा आहे. सहा सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी 22.2 व्होल्टची. ती 10 अँपिअर-तासांची असेल तर झाले 222 वॉट-तास. विमानात प्रवाशाला 160 च्या वरची नेताच येत नाही. 100 ते 160 मधल्या नेता येतात, पण एअरलाइनच्या परवानगीने, माणशी दोनच. आणि सुट्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये नाहीत. गाडीने जात असाल तरी सेलमागे 3.8 व्होल्टवर आणून ठेवा, भरगच्च चार्ज करून नव्हे. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 ला टेकतो, तेव्हा बंद गाडीत आत काय होत असेल ते नागपूरकराला मी समजवायचं का?

भाड्याचं ज्याचं त्याने बघावं, मी काही फंड घेऊन बसलेलो नाही. नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टवाल्यांकडे परतीची रिकामी गाडी विचारा, मिळते.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. पण पुढच्या वेळी लिहाल तेव्हा ते पाच भाग कोणते होते, कोणत्या वर्षी नेलेत आणि पिटमध्ये जोडायला किती वेळ लागला, तेही लिहा. खाली नाव टाकून.